तू न ऐकलेली बारा यंत्रं

प्रिय आत्ये,

आज दुपारी पोस्टातून आपलंच एक पार्सल परत आलं. हे पाचवं. उघडलं तर वरच तुझी चिठ्ठी: ‘ऐकून पाठवलं. – सुमन.’ फक्त ती तू लिहिली नव्हतीस, मी लिहिली होती. म्हणून हे पत्र. तुला जाऊन तीन महिने झाले आणि एवढ्या दिवसांत ही गोष्ट मी कुणालाही सांगितलेली नाही.

दमलेय गं. रडून नाही, कामाने.

आठवतं, आपण सिंथेसायझर बनवतो म्हटलं की लोक कसे बघत राहायचे? शेजारच्या काकूंना तूच समजावलंस, “अगो, विजेवरची पेटी ती. भाता नाही, पट्ट्या नाहीत. एकेक काम एकेका डब्यात ठेवलेलं. वायरी जोडशील तशी वाजते.” काकूंनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा बिघडलेला मिक्सर घेऊन आल्या. तू तो ठेवूनही घेतलास! माझी डिप्लोमाची तीन वर्षं आणि पुण्यातली नोकरी त्या मिक्सरच्या भांड्यात गेली, असं मी म्हटलं तर आठवडाभर हसत होतीस.

यंत्र बनवणं हा या धंद्यातला सगळ्यात छोटा भाग आहे, हे आधी कुणी का नाही सांगितलं? आता सगळं एकटीवर पडतं तेव्हा कळतं. कोल्हापूरहून यंत्रांच्या दर्शनी बाजूचे पत्रे येतात, त्यांची भोकं दोन मिलिमीटर सरकलेली. खाऱ्या वाऱ्याने स्क्रू महिन्याभरात तांबडे पडतात. सोल्डरिंगचे डाग द्यायला घेतले की नेमकी वीज जाते. जयगडला डोंगराएवढी जहाजं रोज लागतात, आणि माझ्या मूठभर चिपा मुंबईला तीन आठवडे अडकून पडतात! पोस्टातला माणूस दर वेळी नव्याने विचारतो, “हे नक्की काय हो?” पूर्वी हौसेने सांगायचे. हल्ली ‘वाद्याचे भाग’ म्हणते आणि पावती घेऊन निघते.

या सगळ्यात एकच गोष्ट आपली स्वतःची होती, आणि ती तुझी होती. आढी.

आयुष्यभर तू आंबे पिकवलेस. मी पहिलं यंत्र जोडून, मीटरवर सूर बरोबर दाखवून, खोक्यात भरायला निघाले तेव्हा तू ते हातातून काढून घेतलंस. “घाई कसली गो? आंबासुद्धा आढीत घातल्यावर चार दिवस गप बसतो. ह्याला घाम तरी येऊ दे.” आंब्याच्या लाकडी खोक्यात पिवळा बल्ब लावून तू ते चार दिवस चालू ठेवलंस. गवत तेवढं घातलं नाहीस, हे माझं नशीब. पाचव्या दिवशी मीटर लावला तर सूर खरंच हललेला. नवे डाग, पावसाळी हवा, सगळं निवळायला वेळ लागतो. पुस्तकात हे होतं, मी वाचलेलंही होतं. पण चार दिवस थांबायचा धीर तुझ्याकडे होता.

पुढे दर वेळी आढीनंतर तू दोन यंत्रं एकदम वाजवायचीस. भजनाच्या पेटीवर तयार झालेला तुझा कान. सूर जुळले नसले की त्यातून एक लहर येते, ती तुला लगेच लागायची. “अजून डोलतोय,” म्हणायचीस आणि मी बारीक स्क्रू केसभर फिरवायचे. डोलणं थांबलं की चिठ्ठी. तुझ्या त्या चिठ्ठ्या यंत्रं घेणाऱ्यांनी तिकडे परदेशात भिंतीवर लावल्यात, माहितेय ना?

शेवटची बारा यंत्रं. भर श्रावण. चिपांपायी मागणी दोन महिने रखडलेली, रोज ‘कधी पाठवताय’ असे मेल, आणि तू दवाखान्यात. सकाळी तुझा डबा, दुपारी डाग, संध्याकाळी परत तुझ्यापाशी. बाराही यंत्रं मी जोडली त्याच दिवशी मीटरवर लावली आणि त्याच दिवशी खोक्यात बंद केली. आढी नाही. कुणी ऐकलं नाही. बारा चिठ्ठ्या तुझ्या वळणाने लिहिल्या आणि पोस्टात टाकून आले.

त्या संध्याकाळी तू विचारलंस, “आढी झाली?”

“हो. चार दिवस.”

“डोलत नाहीत ना?”

“नाही गं.”

तू माझा हात थोपटलास आणि म्हणालीस, “शिकलीस हो.” आत्ये, का म्हणालीस तसं? रागावली असतीस तर मी खरं बोलले असते! दोन दिवसांनी तू गेलीस.

त्या बारांतली पाच परत आली. उरलेल्या सात जणांनी अजून तक्रार केलेली नाही. त्यांना कळलं नसेल, किंवा दोष आपल्या कानांचा आहे असं वाटत असेल. तुझ्या सहीवर त्यांचा एवढा विश्वास! मेलमध्ये सगळेच तुझी चौकशी करतात, त्यातले फिनलंडचे आजोबा तर दर वेळी. आणि मी काय लिहिते, सांगू? ‘आत्या बरी आहे, नमस्कार सांगते.’ तीन महिने हेच लिहितेय. तुझा कान गेला हे कळलं तर कोण घेईल आपली यंत्रं, ही भीती होतीच. पण खरं सांगायचं तर तेवढं एकच कारण नव्हतं.

बाबा परवा म्हणाले, “पुरे झालं गो आता. पुण्याची नोकरी काय वाईट होती?” नोकरी वाईट नव्हती. धंदा पुढे चालेल की नाही, मला खरंच ठाऊक नाही, आणि या पत्रात ते ठरवायचंही नाही.

पण एक वचन देते. ती सातही यंत्रं मी परत मागवणार आहे, कुणी तक्रार केलेली नसली तरी. चिठ्ठ्या माझ्या हातच्या होत्या, हेही लिहीन. कान माझा कच्चा आहे, पण ऐकेन, आणि खाली सही माझी करीन.

सात पत्रं लिहायला बसलेय आणि पहिल्याच ओळीशी अडलेय. इथे सगळ्यांना माहीत आहे, तुझं दिवसकार्य झालं, भजनात तुझ्या जागी दुसरी बाई बसते. पण तिकडे सात घरांत तू अजून बरी आहेस, नमस्कार सांगतेस. तेवढंच उरलं होतं, आत्ये. आज तिथेही सांगते, की तू गेलीस.

तुझी,
मुग्धा