तीन व्यास आणि दोन बोटं

३ मार्च

चि. मोजपट्टीस, काकाचे आशीर्वाद.

लहानपणी घरातली प्रत्येक वस्तू मोजत फिरायचीस म्हणून हे नाव मीच ठेवलं होतं. आता मोठ्या ऑफिसात यंत्रांची ड्रॉइंग करतेस, तरी नाव बदलायचं कारण दिसत नाही.

तुझ्या बापाने कारखान्याची अब्रू घालवली. आजवर आपण धुराड्यांचे पाइप केले, पाव मीटर व्यासाचे. यंदा पहिल्यांदा टाकीचं काम मिळालं. आतून एक मीटर व्यास, सहा मिलिमीटर जाड पत्रा. मी माप दिलं: तीन व्यास आणि दोन बोटं. तुझ्या आजोबांपासून हेच माप चालतंय. त्याने कापलं, रोलरवर गोल केलं, तर तोंडाला तोंड मिळेना. एकशे चोवीस मिलिमीटरची फट. माझा हात आरपार जातो. हातच्या कांकणाला आरसा कशाला?

टाकीवाल्यांना लेखी खुलासा हवा आहे. कापणाऱ्याची चूक, असा कागद मी तयार ठेवलाय. तेवीस वर्षं कापण्याच्या टेबलावर काढलेला माणूस सही करत नाही आणि नाहीही म्हणत नाही. सोमवारी, सोळा तारखेला, सही झाली तर त्याला रंगाच्या खात्यात ठेवीन. नाही झाली तर कारखान्याचं दार त्याला बंद. लेक म्हणून समजावून सांग.

तुझं बरं चाललं असेलच. तुझं नेहमी बरंच चालतं.

काका


७ मार्च

ती. काकांस सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. समजावते, पण तुम्हाला.

तीन व्यास म्हणजे तीन हजार मिलिमीटर. तुमची दोन बोटं छत्तीस. लहानपणी मोजली होती. बेरीज तीन हजार छत्तीस. पत्रा किती लांब कापला गेला ते तुम्ही लिहिलं नाही, म्हणून कारखान्यात फोन करून विचारलं. तीन हजार छत्तीस. बाबांनी तुम्ही सांगितलं तेच कापलं. चुकलं आहे ते सांगणं.

का चुकलं, ते करून बघा. कंपासने एक वर्तुळ काढा. कंपास तेवढाच उघडा ठेवून कडेकडेने खुणा करत जा. बरोबर सहा खुणांत फेरी पूर्ण होते. त्या खुणा सरळ रेघांनी जोडा. प्रत्येक रेघ अर्ध्या व्यासाएवढी, म्हणजे सहा रेघा मिळून तीन व्यास. तुमचे तीन व्यास हे या षट्‌कोनाचं माप आहे, गोलाचं नाही. गोल प्रत्येक रेघेच्या बाहेर थोडा फुगलेला असतो, म्हणून त्याला जास्त पत्रा लागतो. ती जास्तीची लांबी आजोबांनी दोन बोटांनी भरून काढली.

आता वर्तुळ चौपट करा. ते वेगळ्या आकाराचं होत नाही, तेच चित्र मोठं होतं. व्यास चौपट, रेघा चौपट, फुगवटे चौपट, जास्तीची लांबीही चौपट. म्हणून परीघ आणि व्यास यांचं प्रमाण बांगडीत आणि टाकीत एकच राहतं, तीन पूर्णांक एक चार एक सहा. ते कुणी ठरवलेलं नाही. व्यासाला त्याने गुणायचं, एवढंच सूत्र आहे. पाव मीटरला जास्तीचे पस्तीस लागतात, तिथे दोन बोटं पुरली. एक मीटरला एकशे बेचाळीस लागतात. सगळं वाढलं, तुमची बोटं तेवढी वाढली नाहीत.

हिशोबाने फट एकशे सहाची यायला हवी. वरचे अठरा तुमच्या सैल टेपचे असावेत. टेप बदला.

आपला लोभ आहे तेवढाच राहू द्या. वाढवण्याची विनंती नाही.

तुमची पुतणी


११ मार्च

चि. ताईस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दादाने जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांसमोर वाचून दाखवलं, हसत हसत. चार बुकं शिकली की बोटं मोजायला लागतात, असं म्हणाला. बोटांच्या वाक्याशी मात्र अडखळला.

एक सांगतो, रागावू नकोस. ते अठरा टेपचे नाहीत. पत्रा वाकला की आतली बाजू दबते आणि बाहेरची ताणली जाते. लांबी कायम राहते ती जाडीच्या मधल्या रेषेची. म्हणजे दोन्ही बाजूंची अर्धी अर्धी जाडी मिळवून व्यास हजार नाही, एक हजार सहा धरायचा. त्याला तुझ्या आकड्याने गुण, तीन हजार एकशे साठ येतात. फट बरोबर एकशे चोवीसची. धुराड्यांचा पत्रा पातळ असतो, तिथे हे जाणवत नाही.

हे मला कापायच्या आधी ठाऊक होतं. पण दादा सगळ्यांसमोर माप सांगत होता. मोठ्या भावाला चार माणसांत कसं टोकायचं? आता मी सही करून टाकतो. रंगाचं खातं काही वाईट नाही, खिडकी आहे तिथे.

तब्येतीला जप. मनात काही ठेवू नकोस, ठेवायचंच असेल तर माया ठेव.

बाबा


१३ मार्च

ती. बाबांस सा. न. वि. वि.

टेपबद्दल मी चूक लिहिलं. सूत्रात व्यास घातला आणि पत्र्याची जाडी विसरले. काकांना तसं कळवलं आहे.

बाकी मी रागावले आहे. काकांना माहीत नव्हतं, म्हणून त्यांनी चुकीचं माप दिलं. तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही चांगला पत्रा वाया घालवला. माझ्या मते त्यांच्यापेक्षा तुमची चूक मोठी आहे. त्याला तुम्ही मान राखणं म्हणता. मला ती भीती वाटते.

पण ती चूक त्या कागदावर लिहिलेली नाही. तिथे कापणाऱ्याने चुकीचं कापलं असं लिहिलंय, आणि ते खोटं आहे. सही केलीत तर उद्या दीड मीटरची टाकी येईल, काका बोटं लावतील आणि टेबलावर टोकणारं कुणी नसेल.

सोमवारी सगळ्यांसमोर एकच आकडा सांगा. तीन हजार एकशे साठ. बाजू मांडू नका, तुम्हाला ते जमत नाही. आकडा सांगा.

माया आहेच. ती मोजायला सांगू नका.

तुमची मुलगी


१९ मार्च

चि. मोजपट्टीस,

आशीर्वाद गृहीत धर.

तुझ्या बापाने सोमवारी सही केली नाही. कागद खाली ठेवला आणि सगळ्यांसमोर म्हणाला, दादा, तीन हजार एकशे साठ. माझ्यासमोर आवाज चढवायची त्याची ही पहिली वेळ, आणि चढवलेला आवाजही कुजबुजीएवढाच. मी म्हटलं, काप, आणि चुकलास तर घरी जा. त्याने पत्रा कापला. मंगळवारी रोलरवरून उतरला तेव्हा तोंडाला तोंड असं मिळालं की नख जाईना. माणसं माझ्याकडे बघायचं सोडून त्याच्याकडे बघत होती.

टाकीवाल्यांना खुलासा गेला. चुकीचं माप देणारा, या शब्दांपुढे माझी सही आहे. तुझ्यासाठी नाही केली. कारखान्यातून खोटं माप बाहेर जात नाही, म्हणून केली.

कंपास फिरवून बघितला. सहा आले.

टेबल त्याच्याकडेच आहे. काल संध्याकाळी केबिनमध्ये आला आणि आणखी बोललं तर चालेल का असं विचारलं. मी बस म्हटलं. त्याने तेवीस वर्षांतल्या माझ्या चुका सांगितल्या, एकेक मापासकट, सावकाश. पाऊण तास. मधे पाणी प्यायला आणि परत सुरू झाला. मी ऐकत बसलो. निघताना म्हणाला, बाकीच्या उद्या सांगतो.

याला जबाबदार तू आहेस.

काका