दिनेशचा स्कोअर

१० फेब्रुवारी
बँकेत. साहेब सभ्य आहेत. खुर्ची दिली, चहा दिला, कर्ज दिलं नाही. स्क्रीन माझ्याकडे वळवली. पगार ठीक, नोकरीची वर्षं ठीक. मग एका ओळीवर बोट. दिनेशच्या पिकअपचं कर्ज. जामीनदार मी. शेरा : तडजोडीने मिटवले.
"पूर्ण फेडलेलं वेगळं आणि तडजोडीनं मिटवलेलं वेगळं, मॅडम. तुमचा स्कोअर इथं पडला."
सांगितलं, गाडी पुरात गेली. चालवणारा भाऊही.
"मग त्यांच्या मृत्यूचा दाखला आणा. बघता येईल काहीतरी."
दाखला नाही.
टेकाडावरच्या फ्लॅटसाठी बिल्डर मेअखेरपर्यंत थांबणार. पावसाआधी आईला या गल्लीतून वर न्यायचं. या वर्षी एवढं एकच ठरवलं आहे.

१२ फेब्रुवारी
आईकडे पुन्हा विषय काढला. प्रतिज्ञापत्रावर तिची सही लागते. दि.चं लग्न झालेलं नव्हतं, वारस तीच.
तांदूळ निवडत होती. "कसला दाखला?"
"दिनेशचा."
"तो काय शाळेत जायचा हाय आता?"
हसली नाही. मीही नाही.
पाणी चढायला लागलं की इथं लोक आपापल्या गाड्या हायवेच्या पुलावर नेऊन लावतात. दि.नंही लावली होती. मग आठवलं, तुडील गावात पेंडीची पोती राहिलीत. भिजेल म्हणून मोबाइल आईच्या हातात देऊन गेला. पाणी उतरल्यावर पिकअप सापडली. गाळात, किल्ली लावलेली. तो नाही.
भटजी म्हणाले, देह मिळाला नाही तर दर्भाचा पुतळा करून अग्नी देतात. आईनं त्यांना दक्षिणा दिली आणि दार लावलं. तलाठी आले तेव्हा म्हणाली, पोरगा गावाला गेलाय.
सर्वपित्रीला बाबांचं पान वाढते. दि.चं नाही. त्याचं ताट रोजच्या मांडणीत, पालथं.
त्याचा फोन आला की पहिलं वाक्य ठरलेलं असायचं. काय मास्तरीण, जेवलीस का?

१८ फेब्रुवारी
स्टाफरूम. भूगोलाच्या मोरेबाई म्हणाल्या, पोलादपुरात एक कंपनी आहे, बिघडलेला स्कोअर दुरुस्त करून देते. त्यांच्या दिराचं काम झालं म्हणे.
"पैसे घेतात?"
"मग? फुकट तर नवरासुद्धा काही करत नाही."
"मला नवरा नाही."
"म्हणून तर कंपनी."

२१ फेब्रुवारी
पोलादपूर. झेरॉक्सच्या दुकानावर एक खोली. एका मुलीनं कुलूप काढलं आणि ती खाली निघून गेली. टेबल, खुर्ची, उघडा लॅपटॉप, सह्या करायच्या कागदांचा गठ्ठा. पडद्यावर चेहरा नाही, फक्त आवाज. नाव अमेय. स्वच्छ मराठी. कुठल्याच गावची नसलेली.
"शेरा काढता येतो, मॅडम. मूळ कर्जदाराची संमती लागेल."
"तो नाही."
"हरकत नाही. आम्ही संपर्क करतो."
वारला हा शब्द मी वापरला नाही. परतताना एस.टी.त तेवढंच डोक्यात. का नाही वापरला.

२४ फेब्रुवारी
बँकेतल्या साहेबांना फोन. कंपनीबद्दल विचारलं. माणूस खरंच सभ्य.
"नोंदीत चूक असेल तर अर्ज तुम्हीच करा, त्याला पैसे पडत नाहीत. नोंद खरी असेल तर ती कुणालाच खोडता येत नाही. कामाआधी पैसे मागणारा, पासवर्ड मागणारा आणि बँकेशी बोलू नका म्हणणारा, या तिघांपासून लांब राहा."
कं.नं तिन्ही केलं आहे.
म्हणजे उत्तर मिळालं. वहीत लिहूनही झालं.
संध्याकाळी पैसे भरले.

६ मार्च
तिन्हीसांजेला अमेयचा फोन. नेहमी याच वेळी येतो, आई दिवा लावत असते तेव्हा.
"संमती आली, मॅडम."
"कुणाची?"
"दिनेशसरांची. कालच बोलणं झालं."
मी फोन ठेवला. हात पदराला पुसला. हात कोरडाच होता.

७ मार्च
गल्लीच्या तोंडाशी मोबाइलच्या दुकानात गेले. रफिकभाईंना विचारलं, दि.चा जुना नंबर मोबाइल कंपनीनं दुसऱ्या कुणाला दिला का ते कळेल?
"दुसऱ्याला कसा देतील? चालू आहे तो. आजी दर महिन्याला रिचार्ज मारून जातात." मग माझ्याकडे बघून हळू म्हणाले, "मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे."
घरी आले. फोन लपवलेला नव्हता. देव्हाऱ्याच्या बाजूला, चार्जिंगला. मी रोज तिथं फुलं ठेवते. पाहिला नव्हता, की पाहिला होता आणि...
आई म्हणाली, "कंपनीतला पोरगा फोन करतो. आई म्हनतो मला. दिनेशदादा हायत का, इचारतो. मी म्हनते, हाय, भायेर गेलाय. मग फोनात आकडे येतात ते वाचून दावते."
"आई, ते चोर आहेत."
"असतील."
"मग?"
"तीन पावसाळं झालं. तो हाय का म्हनून दुसऱ्या कुनी इचारलं? तू इचारलंस?"

१५ मार्च
कं.कडून अहवाल. माझा स्कोअर किंचित वर. शेजारी दि.चा. तो मागितला नव्हता. माझ्यापेक्षा बराच जास्त.
अमेय हसला. पहिल्यांदाच. "दिनेशसर पुढे गेले तुमच्या."
लहानपणी शाळेत तो कधीच पुढे गेला नव्हता. हे वाक्य त्याला फार आवडलं असतं.

२९ मार्च
आज कं.कडून टपालानं दि.चा फोटो. 'ओळख पडताळणी पूर्ण.'
लायसन्सवरचाच चेहरा. पण कानशिलाजवळचे केस पिकलेले. डोळ्यांखाली सूज. तो गेला तेव्हा एकही केस पांढरा नव्हता. हा आत्ता असता तसा आहे.
मोरेबाईंना दाखवला. "कॉम्प्युटरवर करतात गं हल्ली. काहीही करतात." फोटो मात्र त्यांनी पटकन उलटा ठेवला.
आईला दाखवायचा नव्हता. तिनं मागून पाहिला.
"बारीक झालाय," म्हणाली.
फोटोखाली पत्ता. मु. पो. उमरठ. आईचं माहेर.

५ एप्रिल
उमरठ. पोलादपूरहून मिनिडोर रिक्षा. डोंगरावर वणव्याचे काळे पट्टे. मामेभाऊ गुरांकडे गेलेला, वहिनी घरी. करवंदं पुढे ठेवली.
"वन्सं, तो मानूस येऊन गेला ना. मोटरसायकलवर. घराचा फोटू काढला. इचारलं, दिनेश इथं ऱ्हातात का."
"तुम्ही काय सांगितलं?"
"आत्यांनी फोन करून ठेवला व्हता, हो म्हन. म्हटलं, हो. चा पिऊन गेला."
"वहिनी, तुम्हाला माहीत आहे ना..."
"माझ्या तोंडानं कशाला बोलू मी?" मग थोड्या वेळानं, "मानूस चांगला व्हता. दारात चपला काढल्या. आत बघून म्हनाला, दादांची खोली कुठची?"
"मग?"
"दावली एक."
ती खोली मीही पाहिली. कोंड्याची पोती होती ती बाजूला सरकवलेली. खाट. खाटेवर धुतलेली चादर.
"ही कधी घातलीत?"
वहिनींनी चादरीची सुरकुती हातानं सारखी केली.

११ एप्रिल
दि.च्या नावावर नवं कर्ज निघालं आहे. लहानसं. जामीनदार मी. मी कुठंही सही केलेली नाही. किंवा फेब्रुवारीत पोलादपूरच्या त्या खोलीत जिथं जिथं केली, त्यांत ही असेल.
पोलीस ठाणं. हवालदारानं सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे कर्ज काढलेला माणूस हयात नाही."
"नाही."
"कागद?"
"नाही."
"मग कागदावर तो आहे. आधी तो आहे का नाही ते घरात ठरवा, मॅडम. मग तक्रार लिहू."
चुकीचं बोलला नाही.

२ मे
त्याच्या फोनमधून सिम काढलं. वाटलं होतं आई हात धरेल. तिनं डबी पुढे केली, कुंकवाची, रिकामी. "ह्यात ठेव. हरवंल."
"आता त्यांचे फोन येणार नाहीत."
"बरं."
मग भाकरी थापता थापता, माझ्याकडे न बघता, "नंबर काय त्या चकतीत असतो?"
अमेयला फोन लावला, बंद. पोलादपूरला गेले. खोलीला कुलूप. झेरॉक्सवाला म्हणाला, "वर? वर तर कधीपासून कुणी नाही." कधीपासून, ते त्यालाही सांगता येईना. ती मुलगी कोण, तेही.

१४ मे
नव्या कर्जाचा हप्ता भरला गेल्याचा मेसेज, जामीनदार म्हणून माझ्या फोनवर. वेळेवर. मी भरला नाही. आईकडे भरायला नाही.
मोरेबाईंच्या दिराचंही असंच झाल्याचं आता सांगतात. "लहान घेतात, नीट फेडतात, नाव चांगलं झालं की मोठं उचलतात आणि जातात." पूर्वी सांगितलं नाहीत, म्हटलं. म्हणाल्या, तेव्हा दिराच्या नावावर मोठं कर्ज निघालेलं नव्हतं.
ठीक. समजलं. कोण फेडतं आणि कशासाठी, सगळं समजलं. तरी मेसेजमधलं ते वाक्य : 'प्रिय दिनेश, वेळेवर हप्ता भरल्याबद्दल आभार.'
त्यानं हयातीत एकही हप्ता वेळेवर भरला नव्हता.

१९ मे
बँकेतून साहेबांचा स्वतःहून फोन. आवाज खुललेला. "मॅडम, तो शेरा गेला. कसा ते मी विचारत नाही. स्कोअर बसतो आता. फाइल वर पाठवू? सत्तावीसपर्यंत कळवा."
म्हणजे असं : गप्प राहिले तर फ्लॅट. पावसाआधी आई वर. दि. कागदावर जिवंत, त्याचं मोठं कर्ज येईल तेव्हा माझ्या गळ्यात.
प्रतिज्ञापत्र केलं तर तक्रार, चौकशी, सगळं गोठणार. फ्लॅट दुसऱ्याला. आई याच गल्लीत, भिंतीवर पुराची रेघ तिच्या डोक्याच्या वर.
नदीत गाळ उपसणारी यंत्रं दिवसभर चालू आहेत. तिथं काही सापडलं का, हे मी या तीन वर्षांत कुणाला विचारलेलं नाही.

२३ मे
वकिलांनी कागद तयार करून दिला. घरी आणला. आईपुढे ठेवला. ती चष्मा शोधायला उठलीसुद्धा नाही.
"काय लिवलंय?"
वाचून दाखवलं. नाव, वय, शेवटचं पाहिलं तो दिवस. 'त्यानंतर त्याच्याकडून कोणताही संपर्क झालेला नाही.'
"ह्ये खोटं."
"आई, तो कंपनीतला..."
"तुला घर पायजे का तो पायजे?"
"मला तुला वर न्यायचंय."
"मग मला इचार की. मी कुठं म्हटलं न्ये म्हनून? पानी आलं तर आलं. तो दार ठोठावील तर ह्येच ठोठावील. वरचं दार त्याला म्हाइती हाय का?"
मग तिनंच कागद ओढला. "सही करते. पन आधी तू कर तिथं साक्षीदार म्हनून. तुझ्या हातानं लिही, मेला. मग मी."
पेन होतं. टोपण काढलं.
उद्या करते, म्हटलं.

२५ मे
सही नाही. साहेबांनाही कळवलं नाही. कागदावर पाण्याचं भांडं ठेवलेलं, त्याचा गोल उमटला.

२६ मे
दुपार. आई चवदार तळ्याकडे ओळखीच्या बायकांकडे गेली होती. घरात उकाडा, पंखा बंद, वीज नाही. डबी उघडून पाहिली. सिम आतच. डबी बंद करून मांडीवर ठेवली आणि माझ्या फोनवरून त्याचा नंबर लावला.
बंद आहे, अस्तित्वात नाही, यातलं काहीतरी ऐकू यावं म्हणून लावला. त्यावर सही करता आली असती.
रिंग गेली.
रफिकभाईंनी नंतर सांगितलं, आकडे वाचून दाखवले की नंबर दुसऱ्या सिमवर वळवता येतो. मोठी गोष्ट नाही. मला ते तेव्हाही साधारण ठाऊक होतं.
उचलला. मागे पाण्याचा आवाज. किंवा पंख्याचा. त्यांच्याकडे वीज असेल.
"काय मास्तरीण, जेवलीस का?"
अमेयचा आवाज नव्हता. दि.चा होता असंही म्हणणार नाही. तीन वर्षांत आवाज किती राहतो कानात. पण 'मास्तरीण'वर तसाच थांबला, तेवढाच.
आई परत आल्यावर विचारलं. तो मला काय म्हणायचा, हे तू त्या कंपनीतल्या मुलाला सांगितलंस का?
ती पाय धूत होती. "त्याला सांगाया कशाला लागतंय, गो?"
कागद टेबलावर आहे. साहेबांचा मेसेज येऊन पडलाय, उद्या शेवटचा दिवस. दोन्हींपैकी एक सकाळी करायचं आहे.
फोनवर मी काय बोलले ते दुपारपासून लिहायचं टाळते आहे. शिवी देता आली असती. कोण बोलतंय, असं विचारता आलं असतं. फोन ठेवता आला असता.
म्हटलं, "जेवले. तू?"