चारशे रुपयांची सूट

९ जून, सोमवार
मोबाईलात बोललं की आपोआप लिवलं जातं, ही सोय नात अनुजानं करून दिली. मला अक्षराची वळख न्हाय, म्हंजे मी वाचणार न्हाय. दुसऱ्या कुणाला दाखवणार न्हाय. तेव्हा खरं बोलायला हरकत न्हाय.
ठराव. पाचगावचा दीड गुंठा माझ्या नावावर हाय. आमचे हे गेल्यावर त्यांच्या फंडाच्या पैशात मी घेतला. त्यावर यंदा घर बांधायचं. तीन खोल्या. दारावर पाटी माझ्या नावाची. मुलगा प्रसेनजीत म्हणतो बँकेचं कर्ज काढावं लागंल. काढू की. मला कोण न्हाय म्हणणार. जन्मात कुणाचा रुपया बुडवला न्हाय.

१२ जून, दुपार
बँकेत गेलतो. मी, प्रसेनजीत, सून वर्षाराणी. खुर्चीवर प्रीती मॅडम. म्हणाल्या जागा आजींची, तेव्हा अर्जात आजी पण पाहिजेत. तिघांच्या जुन्या कर्जांचं रेकॉर्ड काढणार. म्हणलं काढा, माझं कोरं असंल. लक्ष्मीपुरीच्या बाजारात तीस वर्षं बटाटा विकला, सगळा रोखीत.
काळजी वर्षाराणीची. दवाखान्यात नर्स हाय, पगार बरा, पण फ्रिज हप्त्यावर, मोबाईल हप्त्यावर, स्कूटी हप्त्यावर. रिक्षात तिला म्हणलं, तुझ्यापायी घर अडलं तर मी एक शब्द बोलणार न्हाय.
ती म्हणाली, "आत्या, आत्ता बोललासा की."


१७ जून
रेकॉर्ड आलं. त्यात प्रत्येकाला मार्कासारखा एक आकडा. सगळ्यात मोठा वर्षाराणीचा. हप्ते वेळेवर भरले की आकडा वाढतो म्हणे. जो उधारी करंल त्याला मान, असली बँक. प्रसेनजीतचा आकडा बरा.
माझ्या नावावर तीन कर्जं. दोन फिटलेली. एक पाच वर्षं थकलेलं. म्हणलं ही दुसरी कुणाची तरी आजी हाय. मॅडमनी स्क्रीन फिरवला. प्रसेनजीतनं आधारचा नंबर वाचला. माझाच.
मग आठवलं. बचत गट. गल्लीतल्या दहा जणी, मी प्रमुख. कर्ज एका फायनान्स कंपनीचं, हप्ते न्यायला तिचा साहेब यायचा. जिचं पहिलं कर्ज चालू असंल तिला दुसरं मिळायचं न्हाय. मग ती माझ्या नावावर काढायची. अंगठा माझा, पैसे तिचे, हप्ते तिचे. आख्ख्या गल्लीत हीच रीत. हे थकलेलं चिमणाबाईचं, शेवयाच्या मशीनचं.
मॅडमना समजावलं की कर्ज माझं न्हाय, नुसतं नाव माझं हाय. त्या म्हणाल्या, आजी, कर्ज नावावरच असतं. शिकलेली माणसं. वाद घातला न्हाय.

१८ जून, सकाळ
चिमणाबाई समोरच ऱ्हाते. ठरवून गेले, आवाज चढवायचा न्हाय, नुसतं लाजवायचं. म्हणलं तुझे शेवटचे दोन हप्ते ऱ्हायलेत.
ती पीठ मळत होती. हात न थांबवता म्हणाली, "अक्का, लॉकडाऊनात तुमच्या हातात दिले की. साहेब आला की देते म्हणलासा."
म्हणलं आठवत न्हाय. तिनं वार सांगितला. मी नेसलेल्या लुगड्याचा रंग सांगितला.
घरी आले. साहेब आलाच न्हाय त्यो. चार महिने वाट बघितली. मी त्याच्या मागं पळू काय. पैसे डब्यात होते. मग डब्यात तांदूळ आला. साहेब आला न्हाय ही चूक साहेबाची. हे ठरलं.
येताना चिमणाबाईनं शेवया दिल्या. घेतल्या.

२३ जून
त्या कंपनीचं हापिस आता इचलकरंजीला. प्रसेनजीत म्हणत होता शनिवारपर्यंत थांब, मी येतो. म्हणलं व्यवहार मला कळतो. त्यानं दोनदा बजावलं, सगळे पैसे भर, कागद घेऊन ये. एसटीनं एकटी गेले.
तिथं सम्राट नावाचा क्लार्क. म्हणाला व्याजासकट एकोणीसशे. मी उठले. पिशवी काखेत घेतली, दारापर्यंत गेले. त्यानं बोलावलं न्हाय. परत येऊन बसले, पुन्हा उठले. या खेपेला त्यानं जिन्यात हाक मारली. पंधराशेत तुटलं. चारशेची सूट. अंगठा दिला, शिक्क्याचा कागद घेतला.
एसटीत फार दिवसांनी बरं वाटलं. ठराव: बांधकामाचा ठेकेदार पण मीच बघणार.

२३ जून, संध्याकाळ
प्रसेनजीतनं कागद वाचला. परत वाचला. विचारलं, आई, घासाघीस केलीस काय. म्हणलं चारशे. त्यानं कागद वर्षाराणीकडं दिला. तिनं वाचला आणि दूध बघायला आत गेली. दूध गॅसवर न्हवतं.

८ ऑगस्ट
दीड महिन्यानं बँकेत. आधी रेकॉर्डात थकीत लिवलेलं, आता तडजोडीनं मिटवलं असं लिवलंय. मॅडम म्हणाल्या ह्याचा अर्थ कंपनीला आपले पैसे सोडावे लागले. डाग कैक वर्षं ऱ्हातो. त्यांच्या हिशोबात मी पैसे बुडवणारी झाले.
त्यांनी हळू आवाजात सांगितलं, "आजी, ते चारशे दिले असते तर आज सही झाली असती."
मी मान हलवली. काय वाटलं न्हाय. भूक लागलेली.
ठराव: चारशे देऊन यायचं.

१२ ऑगस्ट
इचलकरंजी. सम्राटची बदली झाली. नवीन बाईंना म्हणलं हे चारशे घ्या. त्या म्हणाल्या फाईल बंद झाली, घेता येणार न्हाईत. वर लिहून बघू, चार-पाच महिने लागतील, खात्री न्हाय. मी उठले, दारापर्यंत गेले, जिन्यात थांबले. कुणी हाक मारली न्हाय. परत जाऊन पाचशे म्हणलं. त्यांनी पाणी दिलं.

२२ ऑगस्ट
घरमालकाला दिवाळीपर्यंत खोल्या रिकाम्या पाहिजेत, त्याच्या पोराचं लग्न हाय. ठेकेदार दर दिवाळीपर्यंतच धरणार. दर मी ठरवला न्हाय, प्रसेनजीतनं फोनवर ठरवला.
मॅडमनी एक वाट सांगितली. जागेचं बक्षीसपत्र मुलाच्या नावानं करा. मग अर्जात आजी लागत न्हाईत, नवरा-बायकोचं रेकॉर्ड बास हाय.
प्रसेनजीत म्हणाला काय गरज न्हाय, थांबू. कुठं थांबू ते म्हणाला न्हाय. वर्षाराणी काहीच बोलली न्हाय. बोलली असती तर भांडता आलं असतं. अर्धी भाकरी खाल्ली. म्हणलं, करून टाका.

११ सप्टेंबर
रजिस्टर हापिसात गेलतो. मशीनवर अंगठा उमटंना. तीस वर्षं मातीचा बटाटा निवडून रेषा ऱ्हायल्या न्हाईत म्हणे. उजव्या हाताची सगळी बोटं झाली. डाव्या हाताचं मधलं लागलं.
वकिलांनी वाचून दाखवलं, नैसर्गिक प्रेम व आपुलकीपोटी, राजीखुशीनं देत आहे. मी विचारलं चारशे रुपयांचं त्यात कुठं आलंय. ते म्हणाले तसला रकाना नसतो.
घरी आल्यावर प्रसेनजीतनं नकाशा पसरला. बोट ठेवून सांगितलं, हे स्वयंपाकघर, हितं बाबासाहेबांचा फोटो. वर्षाराणीनं विचारलं, आत्या, तुम्हाला पुढची खोली पाहिजे का मागची.
म्हणलं, "मालकीणबाई, तुम्ही दाखवाल ती."
मस्करी होती. ती हसली न्हाय. प्रसेनजीत नकाशाकडंच बघत होता. तिनं पेन घेतलं आणि नकाशातल्या मागच्या खोलीत काहीतरी लिवलं. काय लिवलं ते मी विचारलं न्हाय.