फायलीतलं आवतण

आये, तुला कॅलेंडर म्हणजे स्वयंपाकघराच्या दारामागे खिळ्याला अडकवलेलं, चतुर्थी-एकादशी बघायचं, एवढंच ठाऊक. आता ते कॉम्प्युटरमध्ये असतं. कोणी कुणाला किती वाजता भेटायचं ते त्यात लिहितात, आणि ज्यांना बोलवायचं त्यांना त्यातूनच आमंत्रण जातं. जातं म्हणजे, जायला हवं. गेल्या आठवड्यात ते गेलं नाही आणि माझ्या जिवाचं पाणी पाणी झालं. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, पण त्या दिवशी राहून राहून तूच डोळ्यांसमोर येत होतीस, आणि प्रेमाने वगैरे नाही हो. कमरेवर हात ठेवून, ओरडायच्या तयारीत.

मी वसई स्टेशनजवळच्या एका दवाखान्याचं ऑफिस सांभाळते. ज्या लहान मुलांना ऐकू येत नाही, त्यांचा दवाखाना. मुंबईहून एक मोठे सर्जन अधूनमधून येतात, मुलं तपासतात आणि कानाची शस्त्रक्रिया कुणाची करायची ते ठरवतात. त्यांची अट एकच, आई आणि बाप दोघं समोर हवेत. एकटी आई येऊन हो म्हणते आणि मग घरून नकार येतो, हे त्यांनी फार वेळा बघितलंय. ही शस्त्रक्रिया लहान वयातच व्हावी लागते, मोठं झाल्यावर तिचा तसा उपयोग होत नाही. आणि डॉक्टर पुन्हा कधी येतील ते त्यांचं त्यांनाही माहीत नसतं. म्हणजे शनिवारी जे दोघं आले त्यांचं मूल मार्गी लागलं, जे नाही आले त्यांचं राहिलं.

आजवर मी सगळ्यांना फोन करायचे. या खेपेला आमच्या मॅडम म्हणाल्या, "आता फोनबिन बास. एक्सेलमध्ये सगळं आहे ना तुमच्याकडे? ती फाइल कॅलेंडरमध्ये इम्पोर्ट करा, सगळ्यांना आपोआप इन्व्हाइट जाईल." मी हो म्हटलं. नाही म्हणायची सोय आहे का? पन्नाशी उलटलेल्या बाईने एकदा 'मला हे जमत नाही' म्हटलं की लोक तिच्या खुर्चीकडे बघायला लागतात.

पहिल्यांदा फाइल घातली तर मराठी नावांची सगळी भुताटकी झाली, नुसते चौकोन आणि वेडीवाकडी अक्षरं. ती वेगळ्या प्रकाराने सेव्ह करायची असते हे शोधून काढलं. मग नावं आली, पण भेटी भलत्याच महिन्यात जाऊन पडल्या, कारण मी दिवस आधी लिहिलेला आणि त्याला महिना आधी हवा होता. तेही निस्तरलं. तिसऱ्या वेळी शनिवारच्या रकान्यात सगळ्या भेटी ओळीने उभ्या राहिल्या, प्रत्येकीत आईचं नाव, बापाचं नाव, खाली त्यांचे ईमेल. माझा जीव भांड्यात पडला. मॅडमना दाखवलं, त्या "व्वा" म्हणाल्या, आणि मी शहाणी त्या एका 'व्वा'वर दोन दिवस निवांत राहिले.

गुरुवारी दुपारी डबा खाताना सहज उघडून बघितलं. एकाचंही उत्तर नाही. 'येतो' नाही, 'येत नाही' नाही, काहीच नाही. लोक बघत नसतील, असं मनाला सांगितलं, पण राहवलं नाही. नालासोपाऱ्याच्या एका आईला फोन लावला. ती म्हणते, "कसला इन्व्हाइट, मॅडम? मला काय आलाच नाय. स्पॅममध्ये पण चेक केला मी." डबा तसाच झाकला आणि बसले शोधायला. शनिवारचीच एक भेट फायलीशिवाय, हाताने तयार केली आणि पाहुणा म्हणून माझाच दुसरा, कधी न वापरलेला ईमेल घातला. त्याला नाव काय द्यायचं? घाईत सुचलं ते दिलं, 'आये'. टुण्णकन आमंत्रण आलं. मग तीच भेट फायलीतून घातली. काही नाही. पुन्हा घातली. काही नाही. तेव्हा कुठे उजेड पडला. फाइल भेटी आत आणते, पण माणसांना बोलवत नाही. त्यांची नावं तिथे नुसती लिहिलेली असतात. पंगत मांडली, पाटापाटावर नावं टाकली, आणि दारोदार सांगायला कोणी गेलंच नाही, असा सगळा प्रकार.

आणि तिथेच तू आलीस. आपल्या गावात, उमेळ्यात, कुणाकडे लग्न निघालं की आवतण द्यायला तुला बोलवायचे. तू न्हाऊन, नऊवारी नेसून, वाटीत हळद लावलेले तांदूळ घेऊन निघायचीस आणि मी तुझ्या मागे. पण घराबाहेर पडायच्या आधी विहिरीजवळ चार दाणे ठेवायचीस. मी विचारलं होतं, हे कुणाला? तू म्हणालीस, "गेलेल्यांना. आधी त्यांना आवतान, मग जित्यांना." मी म्हटलं, ते कसे येतील? "कोन येल नि कोन नाय ते आपल्याला काय ठावं? सांगायचं काम आपलं." मग दारोदार. बाहेरून सांगून निघायचं नाही. उंबऱ्याशी बसायचं, घरच्या माणसाच्या हातावर तांदूळ ठेवायचे, आणि 'येतो' असं तोंडाने ऐकल्याशिवाय उठायचं नाही. एकदा ऊन फार होतं, माझे पाय भाजत होते, म्हणून मी रस्त्यावरूनच ओरडले, "काकू, उद्या हळदीला या गो!" तू माझा दंड धरून मला त्यांच्या दारात नेऊन बसवलंस. "रस्त्यावरून मारली ती हाक. आवतान नाय. ती ऐकली का नाय ते तुला कलला?" काकू हसत होत्या, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं. आता मी कॉम्प्युटरसमोर बसलेय, पन्नाशीची बाई, आणि माझा दंड दुखतोय.

मग एकेक भेट उघडून एकेक माणूस हाताने घातला आणि आमंत्रण पाठवलं. उत्तरं यायला लागली. कुणी सुट्टी टाकतो म्हणालं, कुणी लगेच हो. संध्याकाळपर्यंत सगळे झाले, एक घर सोडून. पाचूबंदरच्या कोळीवाड्यातलं. त्यांचा ईमेल मोबाइलच्या दुकानदाराने कधीतरी बनवून दिलेला, तो कोणी उघडत नाही. फोन बंद. आणि मला आठवलं, बाप बोटीवर जातो. एकदा बोट सुटली की आठवडाभर त्याचा पत्ता नाही. पोर चार वर्षांची. मी पर्स उचलली आणि रिक्षात बसले. आये, त्या रिक्षात मी देवाला काय काय कबूल केलं ते तुला सांगत नाही, तू हसशील.

बाई अंगणात बांबूच्या वलांडीवर वाळत घातलेले बोंबील काढत होती. मला बघून घाबरली. "काय झाला, बाय?" मी सांगितलं, परवा डॉक्टर आहेत, दोघांनी यायचंय. तिचा चेहरा पडला. "माजा मानूस उद्या बोटीवर चाललाय." तेवढ्यात तो आलाच, हात ओले, बोटीत बर्फ भरून. ऐकलं आणि भडकला. "आता सांगता? सगला बरफ भरून झाला. मी नाय गेलो तर काकाने ऐन वेलेला मानूस कुठून आनायचा?" बोट त्याच्या काकाची. त्याचं काही चुकत नव्हतं. चूक माझी होती आणि ती फायलीची आहे म्हणून तिथे सांगून उपयोग नव्हता. मी म्हटलं, "चुकलं माझं. पण तुम्ही यायलाच हवं." तो नळाकडे वळला. मी उंबऱ्याशी बसले. नाही म्हणाला तर काय, एवढंच डोक्यात फिरत होतं. थोड्या वेळाने तो म्हणाला, "बाय, अंधार व्हायला आला. जा घरी." मी म्हटलं, "तुम्ही सांगा, मग जाते."

त्याच्या बायकोने वाद घातला नाही. पोर अंगणात पाठमोरी बसून जाळं तरंगतं ठेवायचे बोये एकावर एक रचत होती. बाईने तिला मागून नावाने हाक मारली. मग मोठ्याने. मग इतक्या मोठ्याने की शेजारची बाई बाहेर आली. पोर बोये रचत राहिली. त्याने नळ बंद केला. "पुरे," तो म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "येतो. काकाला सांगतो मी."

शनिवारी तो इस्त्रीचा शर्ट घालून सगळ्यांच्या आधी येऊन बसला होता. डॉक्टरांनी पोरीला तपासलं, कागद पुढे केला, दोघांनी सह्या केल्या. पोरीची शस्त्रक्रिया ठरली. मी बाथरूममध्ये जाऊन तोंडात पदर कोंबून रडले आणि बाहेर येऊन पुढच्यांना आत पाठवलं.

काम झालं की चाचणीसाठी केलेलं सगळं पुसून टाकायचं असतं. मॅडमनी काल विचारलंच, "शनिवारच्या त्या भेटीत हे 'आये' कोण आहे? तेवढ्या एकाचं उत्तर आलेलं नाही." मी म्हटलं, टेस्टिंगचं आहे, काढते. ते आमंत्रण माझ्याच दुसऱ्या पत्त्यावर येऊन पडलंय. खाली विचारतात, येणार, येणार नाही, की कदाचित. तुझ्या वतीने दाबायचं तर ते मलाच. 'येणार' दाबावं तर खोटं होतं. 'येणार नाही' वर बोट नेलं होतं, पण दाबवलं नाही. मी ते काढलेलं नाही, आये. तूच शिकवलंस ना, उत्तर ऐकल्याशिवाय उठायचं नाही. बसलेय.