पिवळ्या जास्वंदीचं फूल

बाबा, आज सकाळी सौसरला माझ्या घराच्या गच्चीवर मी एका जास्वंदीच्या पाकळ्या फाडल्या. तुम्ही फाडायचात तशाच, एका झटक्यात, देठाला धक्का न लावता. दुसऱ्या फुलाचा पराग कुंचल्यानं तिच्या पाच लाल ठिपक्यांवर लावला, दोरा बांधला, आणि तिथंच बसून हा कागद लिहायला घेतला. पोळ्याचा दुसरा दिवस आहे आज. आपल्या पांढुर्ण्यात गोटमार सुरू झाली असेल, नदीपलीकडच्या सावरगावावर दगड जात असतील, तिकडून येत असतील.

मी अकरा वर्षांची होते. गावठी लाल जास्वंदीवर पिवळीचा पराग लावत तुम्ही तीन पावसाळे घालवले होते. फुलं गळून जायची. त्या वर्षी एकच बोंड धरलं, त्याला तुम्ही मलमलची चिंधी बांधली. आईलाही तिकडे फिरकू देत नव्हतात. शेजारी हसायचे, "सारे गोटे जमा करून राहिले अन् हा फुलाचे लगन लावून राहिला!" गोटमारीत तुम्ही कधी उतरला नाहीत. तुमचा सगळा राग घरातच खर्च व्हायचा, हे त्यांना कुठं माहीत होतं?

गोटमारीच्या त्या सकाळी, पोरांच्या तान्ह्या पोळ्यासाठी मी माझ्या लाकडी नंदीच्या शिंगांना एक पिवळं फूल बांधलं. तुम्ही परागासाठी राखलेलं. "कोनाले इचारून तोडलं वं?" एवढंच म्हणालात आणि मारलंत. कानाची पाळी फाटली, डूल मातीत पडलं, नंदीच्या पाठीवर रक्त सांडलं. तुम्ही वाकलात, ते फूल उचलायला.

तुम्ही आत गेल्यावर मी ते बोंड नखांनी देठातून खुडलं आणि चिंधीसकट टाचेखाली रगडलं. मला खरं तर तुम्हालाच मारायचं होतं. नदीवरून आरडाओरडा येत होता. आपल्या पत्र्यावर दरवर्षी एखादा दगड यायचाच. तुम्ही बाहेर आलात तेव्हा अंगणातला एक दगड दाखवून मी म्हटलं, "सावरगावचा गोटा आला, बाबा."

तुमच्या डोळ्यांत रक्त उतरलं. दगडानं तुटलेला देठ चेचलेला असतो आणि नखानं खुडलेला साफ असतो, हे तुम्हीच मला शिकवलं होतं. तुम्ही बोंड उचललं, खिशात घातलं. "आल्यावर पाहतो," म्हणालात, आणि तोच दगड घेऊन नदीकडे धावलात. मी दारात उभी. कानातून रक्त गळतंय आणि माझ्या डोक्यात एकच, आल्यावर पाहतो.

दुपारी चौघांनी तुम्हाला खाटेवर आणलं. डावा डोळा गेला होता. पुढं तुम्हाला अंतराचा अंदाज येईना, कुंचला फुलाच्या बाजूला हवेतच फिरायचा. एका सकाळी तुम्ही तो माझ्या हातात दिलात. "आता तुह्याच हातानं होईन." त्यानंतर एकदाही मारलं नाहीत. कित्येक वर्षं पाकळ्या मी फाडल्या, दोरे मी बांधले, बिया मी वाळवल्या. केशरी फूल आलं तेव्हा येईल त्याला सांगायचात, "माहा डोया सावरगावनं नेला, पन पोरीनं हात देल्ला." मी मान खाली घालून हसायची. लाज वाटायची हो, बाबा. त्या बोंडाबद्दल तुम्ही पुन्हा कधी विचारलं नाहीत. तुम्हाला कळलं होतं का, हे आता कुणाला विचारू?

हा कागद मी संध्याकाळी जाळणार आहे, म्हणून लिहिते. बोंड मी तोडलं, हे सांगायला तुमच्या जिवंतपणी कितीदा तोंड उघडलं होतं. पण दुसरं एक आहे, ते तेव्हाही सांगितलं नसतं. खाट अंगणात टेकवली, तुमच्या दोन्ही डोळ्यांवरच्या पट्टीतून रक्त झिरपत होतं, आई उंबऱ्यावर डोकं आपटत होती, आणि मला सगळ्यात आधी वाटलं, सुटले, आता यांना देठ दिसणार नाही.