बियाण्याचे जव

हाल्स्टेनदादा,

फळीवर हे कोरतेय खरी, पण तुझ्याकडे जाणाऱ्या जहाजावर देणार नाही.

गेल्या हिवाळ्यात पेरणीपुरतेच जव उरले होते. सूर्य परतण्याच्या सणाला बाबा त्याच जवांची दारू करायला निघाले.

"देवांना शिंगभर दारू नको? कोपतील!"

आई पोत्यावरच बसली. "पेरायला उरलं नाही तर तुमचे देव काय डोंबल पिकवणार?"

शेवटी बाबांनी देवांपुढे शिंगाच्या पेल्यातून नुसतं पाणी ओतलं. सण सरायच्या आत तुझी लेक आस्ता तापाने गेली. बाबांनी आईशी बोलणं टाकलं.

आईने एकटीने जव पेरले. आता लोंब्या भरून वाकल्यात, पण ती विळ्याला हात लावत नाही.

काल बाबा पहिल्यांदा बोलले, "काप गं आता. उरलेल्यांना जगायचंय."

आई बांधावर बसूनच राहिली. मग बाबाही तिच्याशेजारी बसले.

तुझी बहीण,
रान्वेग