मंजुळेची घागर

माघ शुद्ध ५, शके १८७५ (सन १९५४), जळगाव
लग्न होऊन काल इथं आले, आज देव मांडले. हिशेबाच्या वहीची मागची पानं कोरी राहतात, ती वाया कशाला घालवा, म्हणून लिहिते आहे. घर भाड्याचं, पण परसात विहीर आहे, पाण्याची चणचण नाही. धुळ्याला मॅट्रिकच्या वर्गात आम्ही मुलींनी ज्यांची कादंबरी चोरून वाचली, त्यांच्याच घरात मी आता वरण शिजवते. देवाची कृपा, दुसरं काय. शेजारच्या मंदाबाई विरजण घेऊन आल्या. जाताना हसून म्हणाल्या, वहिनी, तुम्हाले सवत है बरं, पन कागदावरची. म्हणजे कादंबरीतली मंजुळा. ती भर उन्हात दारोदार पाणी मागते, कुणी देत नाही, शेवटी विहिरीत उडी घेते. तेव्हा मीही रडले होते.

फाल्गुन वद्य २
वाचनालयात ह्यांचा सत्कार झाला. सत्काराचा नारळ फोडून मी वड्या केल्या, पण ह्यांनी हात लावला नाही. म्हणाले, मी तिला तहानलेली मारली आणि लोक टाळ्या वाजवतात. दुपारी लिहायला बसलं की ती दारात येऊन पाणी मागते म्हणे. मी दार उघडून दाखवलं. नुसतं ऊन होतं.

चैत्र शुद्ध ९, शके १८७६
धुळ्याच्या डॉक्टरांना दाखवून आणलं. मेंदू थकलाय, लिहिणं बंद, गोळ्या चालू. मोटारीत ह्यांनी माझा हात सोडला नाही. मी बरा होईन ना, असं लहान मुलासारखं विचारत होते. घरी येऊन दौत स्वतःच माझ्या हाती दिली. ती देवघरात ठेवली आहे. रामराया, हे तेवढे बरे होऊ देत.

अक्षय्य तृतीया
आज आखाजी. घरातल्या गेलेल्या माणसांच्या नावानं पाण्याची घागर भरायची. सासूबाईंची आणि मामंजींची भरली. हे म्हणाले, तिचीही भर. मंदाबाई कानाशी लागल्या, नको वहिनी, घरातलं गेलं त्याचीच भरता. नाव घेतलं का ते मानूस घरचं होते. पण ह्यांच्या तोंडाकडे पाहवेना. आणखी एक घागर मांडली, वर खरबूज, सांजोरी ठेवली, आणि मंजुळेचं नाव घेतलं. हे पोटभर जेवले. कितीतरी दिवसांनी गाढ झोपले. मला वाटलं, सुटलो.

वैशाख शुद्ध ७
हे हसतात, नीट जेवतात. फक्त तिची घागर रोज अर्धी होते. नवी माती पाझरतेच. पण खालची जमीन कोरडी आहे.

वैशाख वद्य १
ती आता दारात नाही, घरात आहे म्हणतात. मलाच मंजुळा अशी हाक मारतात. मी वच्छला, असं परोपरीनं सांगितलं. पुन्हा तेच. त्या नावाला मी ओ देणार नाही. एकदा दिली की कायमचीच झाले मी ती.

वैशाख वद्य ६
दुपारी चुलीपाशी होते. परसातून ह्यांची हाक आली — मंजुळा. मी गप्प राहिले. पुन्हा हाक, अगदी लाडानं. मग बाईच्या आवाजात कुणीतरी ओ दिली. विहिरीकडून.
मी धावले, तोवर विहिरीत धप्पकन आवाज —

ज्येष्ठ
तिथी पाहिली नाही. वर्तमानपत्रात फोटो आला. खाली छापलंय, मंजुळेचे जनक.
एक ओ. तेवढीच तर मागत होते.

आखाजी, शके १८७७
ह्यांची पहिली घागर. धुळ्याहून भाऊ न्यायला आला होता, त्याला परत पाठवलं. तिची घागर ह्या वर्षी भरली नाही.

दुपार. ह्यांची घागर अर्धी. खाली कोरडं —

परसातून हाक. त्यांचाच आवाज. देवा, त्यांचाच.
नाव माझं नाही —

पुन्हा हाक मारतायत. थांबलेत. कुणीच ओ देत नाही —

ह्या खेपेला मी